बालाच्या बाई आणि वहिनीची चिंच

दर वर्षी डिसेंबर संपता संपता आमच्याकडे परदेशातून एक कार्ड येतं. वेल्समधल्या बाला नावाच्या गावाहून. हो, गावाचं नावच बाला! पाकिटावर नाव माझं असतं, पण आतल्या मजकुरात पहिला प्रश्न ठरलेला: "वहिनी कशी आहे?" माझ्या तब्येतीची चौकशी त्यानंतर. यावरून आमचे हे मला दर वर्षी चिडवतात. यंदाही कार्ड आलं, यंदाही चिडवून झालं. कार्ड टेबलावर उभं करून ठेवलं आणि वाटलं, हे सगळं एकदा नीट लिहून ठेवायला हवं. भाचरांना यातलं अर्धंमुर्धं ठाऊक आहे. बाकीचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

सुरुवात 2010 सालची. आमचे हे रोटरीचे जुने सभासद. रोटरीत 'मैत्री विनिमय' म्हणून एक प्रकार असतो. इथले चार-पाच सभासद बायकांसह तिकडे जायचं, हॉटेलात न उतरता तिथल्या सभासदांच्या घरी राहायचं, त्यांची कामं बघायची, आपली सांगायची. पुढे त्यांनी आपल्याकडे यायचं आणि आपण त्यांना घरी ठेवून घ्यायचं. विमानाचं भाडं ज्याचं त्यानं भरायचं, राहणं-जेवण यजमानाकडे. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झालेली. मराठी माध्यमातली बी. ए.; इंग्रजी वाचायला येई, पण बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. नाही नाही म्हणत शेवटी गेले.

पहिला आठवडा लिव्हरपूलला होतो. यजमान नवरा-बायको साठीच्या पुढचे. गृहस्थ गोदीच्या कचेरीतून निवृत्त झालेले, फार मायेचे. आम्ही चहा उकळून पितो हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः पातेल्यात चहा उकळला, उतू घालवला आणि शेगडी पुसत बसले. मात्र त्यांचं बोलणं मला काही केल्या कळेना. लिव्हरपूलची इंग्रजी म्हणजे गाणं म्हणत पळत जाणारा माणूस! मी नुसती हसून मान डोलवायची. एकदा कशाला तरी मान डोलवली आणि समोर कॉफीचा तिसरा कप आला.

त्यांच्या क्लबने आमच्या भागातल्या एका शाळेला पाण्याची टाकी आणि शुद्धीकरणाचं यंत्र द्यायचं ठरवलं होतं. त्याची छोटीशी सभा झाली. आमच्या यजमानांनी पडद्यावर चित्रं दाखवली: हंडे घेतलेल्या बायका, हापसा, शाळेची पोरं. शेवटी त्यांनी नळाच्या पाण्याने भरलेला पेला उचलून धरला आणि म्हणाले, "हे आम्हाला न मागता मिळतं, म्हणून हे काम." टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. पाणी खरोखर गोड होतं. मी विचारलं, इथे कुठल्या नदीचं पाणी येतं? ते म्हणाले, "वेल्सच्या डोंगरातून." मी 'छान' म्हटलं आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या आठवड्यात आम्हा दोघांची रवानगी बालाला झाली. लिव्हरपूलचे यजमानच गाडीने सोडायला आले. चेस्टर मागे पडलं की रस्ता डी नदीच्या सोबतीने डोंगरात शिरतो. हिरवं, ओलं, धुकट, आणि जिकडेतिकडे मेंढ्या. रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत. त्यातली एक भाषा मला अजिबात वाचता येईना.

बालाच्या यजमानीण बाई माझ्याच वयाच्या आणि प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. नवरा मेंढ्या राखणारा, अबोल. बाईंनी दारातच हात धरून 'क्रोइसो' म्हटलं; क्रोइसो म्हणजे या, स्वागत. टेबलावर चहा आणि बारा ब्रिथ तयार होता. चहात भिजवलेल्या मनुका घालून भाजलेला हा पाव. बारा म्हणजे पाव आणि ब्रिथ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. वर लोण्याचा जाड थर. मी एक तुकडा संपवला की दुसरा ताटलीत हजर. "पुरे, पुरे" म्हटलं की त्या हसायच्या आणि तिसरा कापायच्या. मला तर आमच्या मंडईची आठवण झाली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे भाजीबाजार नाही. दिवाळीनंतर गावोगावी एकेक दिवस मंडई भरते. दुकानं लागतात, दंडार होते, रात्रभर नाटक चालतं. त्या दिवशी गावातलं एकही घर पाहुण्यांवाचून राहत नाही. लेकी-जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे. ओळख नसली तरी माणूस जेवल्याशिवाय सुटत नाही. माझ्या माहेरच्या मंडईला आमच्या सपरीत चाळीस-पन्नास पानं उठायची.

बाईंचं इंग्रजी मला पहिल्या वाक्यापासून कळलं. आधी नवल वाटलं, मग कारण लक्षात आलं. त्यांचीही ती परकी भाषा. घरात त्या वेल्श बोलत आणि माझ्याशी शब्द निवडून, सावकाश. आम्ही दोघी इंग्रजीच्या पाहुण्याच, म्हणून आमचं जमलं. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला मुलं 'बाई' म्हणतात, असं मी सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की त्या मला 'बाई' म्हणू लागल्या आणि मी त्यांना.

वेल्श भाषेत एक 'ल' आहे. जीभ टाळूला लावून कडेने वारा सोडायचा. तो मला शेवटपर्यंत साधला नाही. सूड म्हणून मी त्यांना 'ळ' म्हणायला लावला. त्यांची जीभ वळेना. "अहो बाई, आमच्या झाडीबोलीतही ळ नाही," मी सांगितलं, "डोळ्याला आमच्याकडे डोरा म्हणतात, काळ्याला कारा." त्यांनी लगेच विचारलं, "मग तू वर्गात काय म्हणायचीस?"

मी म्हटलं, मी दुरुस्त करायची. पस्तीस वर्षं केलं. डोरा नाही रे, डोळा म्हण.

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने सांगू लागल्या. एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडच्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. दुसरं कुणी बोललं की पाटी त्याच्या गळ्यात. दिवसाच्या शेवटी ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला शिक्षा. मी म्हटलं, मी कधी पाटी अडकवली नाही. म्हटलं खरं, पण त्या रात्री माझी बरीच पोरं डोळ्यांपुढे आली. वर्गात बोलता बोलता एकदम गप्प होणारी.

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, चल, तुला एक तलाव दाखवते. बालाला लागूनच लिन तेगिद नावाचं मोठं नैसर्गिक सरोवर आहे; मला वाटलं, तेच. पण गाडी गावाबाहेर डोंगरात चढली आणि एका धरणापाशी थांबली. मातीचा लांब बांध आणि मागे पसरलेलं शांत पाणी. लिन केलिन. बांधाखाली त्रवेरिन नदीच्या फेसाळ धारेत हेल्मेट घातलेली तरुण पोरं रबरी नावांतून आरडाओरडा करत चालली होती. सुट्टीचा छान दिवस होता.

तिथे बाईंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. या पाण्याखाली कापेल केलिन नावाचं गाव आहे. काही घरं आणि शेतवाड्या, शाळा, टपालघर, प्रार्थनाघर आणि दफनभूमी. सगळे वेल्श बोलणारे. लिव्हरपूल महापालिकेला पाणी हवं होतं. 1957 मध्ये लंडनच्या पार्लमेंटकडून थेट कायदा करून घेतला गेला, म्हणजे वेल्समधल्या कुठल्याही स्थानिक मंडळाची परवानगी लागली नाही. वेल्सच्या एकाही खासदाराने त्या कायद्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी तो झाला. त्याआधी 1956 मध्ये गावकरी, पोरंबाळं सुद्धा, लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून फलक घेऊन चालले होते. उपयोग झाला नाही. 1963 मध्ये शाळा बंद झाली, प्रार्थनाघरातली शेवटची प्रार्थना झाली. दरीत राहणाऱ्या 67 जणांपैकी 48 जणांची घरं गेली. 1965 मध्ये धरणाचं उद्घाटन झालं, तेही निदर्शनांमुळे काही मिनिटांत आटोपावं लागलं. काही मृतांचे अवशेष नातेवाइकांच्या इच्छेने दुसरीकडे हलवले. बाकीच्या थडग्यांवर काँक्रीट ओतलं आणि वर पाणी सोडलं.

बाईंची एक मावशी त्या दरीत दिलेली. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे जायच्या. काठावर जुन्या प्रार्थनाघराचे दगड वापरून बांधलेलं एक छोटं स्मारक आहे, तिथे आम्ही बसलो. बाईंनी पाण्याकडे बोट करून सांगितलं: मावशीचं घर तिथे, झरा तिथे, टपालघर त्याच्या पलीकडे. हे सांगताना त्यांचा हात जराही अडखळत नव्हता.

"आणि हे पाणी कुठे जातं?" मी विचारलं.

"त्रवेरिनमधून डी नदीत. तिथून खाली चेस्टरजवळ उचलतात आणि लिव्हरपूलला नेतात."

मला तो उंच धरलेला पेला आठवला. सांगितलं तर त्या हसल्या, पण कडवटपणे नव्हे. म्हणाल्या, "तो माणूस भला आहे. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्यांच्या महापालिकेने 2005 मध्ये माफी मागितली, तेव्हा त्याने मला पहिल्यांदा विचारलं. तोवर वीस वर्षांची आमची ओळख होती."

मग त्यांनी सहज विचारलं, "तुझं गाव कसल्या काठी आहे, बाई?"

मंडळी, आता इथे मला माझं सांगणं भाग आहे.

माझं माहेर वैनगंगेच्या काठचं, गोसीखुर्दच्या वरच्या अंगाला. गोसीखुर्द हे पवनी तालुक्यातलं गाव, पण आता ते नाव घेतलं की लोकांना धरणच आठवतं. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचा शिलान्यास झाला. तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा. पुढे तो 18 हजार कोटींच्या वर गेला. अकरा किलोमीटरहून लांब धरण, 33 दरवाजे, अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची योजना. आणि भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली 85 गावं पूर्ण बुडितात. त्यात आमचं एक.

माझं सासर मात्र धरणाच्या खालच्या अंगाला, पवनी-लाखांदूरकडच्या चौरास भागात. काळी जमीन आणि डाव्या कालव्याचं लाभक्षेत्र. म्हणजे एकाच धरणाने माझं माहेर बुडणार होतं आणि सासर भिजणार होतं. शिलान्यासाच्या दिवशी सासऱ्यांनी घरी पेढे आणले होते. मी ते वाटले. त्या वर्षी राखीला माहेरी गेले तेव्हा भाऊ अंगणात खाटेवर बसला होता. म्हणाला, "तुमच्याकडे पाणी येनार म्हनतात." मी म्हटलं, "हो, म्हणतात तर." इतकंच. बावीस वर्षं आम्हा बहीण-भावांत या विषयावर याहून जास्त बोलणं झालं नव्हतं. सणवार झाले, लग्नं झाली, मंडई झाली. धरणाचं नाव निघालं की कुणीतरी चहाचं विचारायचं.

हे सगळं मी त्या तलावाकाठी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, बाईंना सांगितलं. घरी कधी न बोललेलं परक्या भाषेत बोलायला सोपं गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे बाई, तू बालाचीही आहेस आणि लिव्हरपूलचीही."

त्यात टोमणा नव्हता. पण मला ते आजतागायत लागून राहिलं आहे.

परत आल्यावर दोन वर्षांत भावाचं गाव उठलं. धरणातली पातळी टप्प्याटप्प्याने वाढवत होते. पाणी शिवारात आलं, मग पांदणीत, मग गावाशी. मोबदल्यासाठी भावाने घातलेल्या चकरांचा हिशोब इथे मांडत नाही; ज्यांनी घातल्या आहेत त्यांना तो ठाऊक आहे. पुनर्वसनाच्या गावठाणात त्याला भूखंड मिळाला, दोन खोल्या उभ्या राहिल्या. सरळ रेषेत आखलेले रस्ते, विजेचे खांब, आणि सावली कुठेच नाही. मी दर वर्षी आमच्या शेतातला चिन्नोर तांदूळ पोतं भरून पाठवायला लागले. भावाचं धान गेलं, तर बहिणीने एवढं करायलाच हवं. आणि खरं सांगायचं तर तांदूळ पाठवला की मला हलकं वाटायचं.

जानेवारी 2013 मध्ये तिकडची मंडळी उलट भेटीला आली. लिव्हरपूलचं जोडपं आणि बालाचं जोडपं, दोन्ही आमच्याच वाट्याला. नागझिऱ्याला नेऊन आणलं, पवनीचा जुना कोट दाखवला, त्यांच्या पैशातून झालेली शाळेची टाकी दाखवली. पोरांनी लेझीम केलं. सगळं यथासांग. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "तुझ्या भावाकडे कधी जायचं?"

मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, पावने तुमच्याच घरी ठेवा ना जी. येथी बसवाले जागा नाई, सपरी नाई. कोठी बसवू?"

जिच्या सपरीत पन्नास पानं उठायची, ती चार पाहुण्यांना नको म्हणत होती. धरणात काय काय गेलं याची यादी मी कधी केलीच असती, तर त्यात हे आलं नसतं. घर गेलं की माणसाला यजमान होता येत नाही.

पण बाईंनी हट्टच धरला. गेलो. वहिनीने शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या होत्या. जागा नाही म्हणून जेवण दोन पंगतीत. वडे, पोपटाच्या शेंगांची भाजी, भिवापुरी मिरचीचा ठेचा, आणि भात. भात अर्थातच माझ्या तांदळाचा. बाईंनी दोनदा मागून घेतला आणि विचारलं, हा तुमच्या शेतातला का? वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "नाई जी, ताईकडचा हाये." मी याचं भाषांतर केलं. ताटातला घास मला काही केल्या गिळवेना.

जेवण झाल्यावर सगळे पाण्याच्या काठावर गेलो. जलपर्णीचे हिरवे तराफे कडेला लागलेले, वाराही फारसा चांगला नव्हता. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला मिळतं. ते इथे येऊन थांबतं. दूरवर पाणीच पाणी. बाई वहिनीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तिला विचार, तिचं घर कुठे होतं."

मी विचारलं. तोवर मी स्वतः हे कधी विचारलं नव्हतं. मला माहीतच होतं ना, माझंच माहेर ते! पण माझ्या माहेरात मी अठरा वर्षं राहिले आणि वहिनी छत्तीस.

वहिनी पदर सावरून पुढे झाली. "तो बगरा बसला हाये ना, थ्याच्या उजव्या अंगानं. तेथी आमची चिच होती. चिचीखाली मी धान वाळवाची." मग ती थांबेना. विहीर कुठे, मारोती कुठे, शाळेची घंटा कुठे टांगलेली. परसातलं लिंबाचं झाड तिने लावलेलं, त्याला पहिलं लिंबू कोणत्या साली लागलं. पावसाळ्यात कुठून कुठवर चिखल व्हायचा. मी आयुष्यभर तिला कमी बोलणारी समजत होते. आता लक्षात येतं, लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्यातले 'डोरा', 'कारा' मीच हसत हसत दुरुस्त केले होते. शिकलेली नणंद! त्या दिवशी एकही शब्द दुरुस्त न करता मी नुसती भाषांतर करत गेले.

शेवटी तिने नदीच्या जुन्या काठाकडे बोट केलं. "अना तेथी मोहाखाली माहं पयलं लेकरू हाये."

तिचं पहिलं मूल बारा दिवसांचं होऊन गेलं होतं. आमच्याकडे इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. मला हे ठाऊक होतं, मी तेव्हा भेटायलाही गेले होते. पण गाव उठलं तेव्हा, बुडितात काय काय गेलं हे मोजताना, माझ्या मनात ते एकदाही आलं नव्हतं. सरकारी मोजणीत झाडांचे पैसे धरतात, विहिरीचे धरतात. याचा रकाना कुठे असणार?

मला इंग्रजी शब्द सुचेना. मग अगदी शाळेतल्या वाक्यासारखं वाक्य केलं: तिचं पहिलं बाळ तिथे आहे. बाईंनी वहिनीचा हात हातात घेतला. वेल्शमध्ये काहीतरी म्हणाल्या. वहिनीने झाडीत काहीतरी उत्तर दिलं. ते दोन्ही एकमेकींना कळलं की नाही, मला माहीत नाही. भाषांतर कुणी मागितलं नाही आणि मी केलं नाही. लिव्हरपूलचे यजमान जरा मागे उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती, आणि परत गाडीत बसेपर्यंत ती तशीच हातात होती.

निघताना वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आतापावतर कोनं पुसलंच नाई जी."

ती तक्रार करत नव्हती. उलट खूश होती. पाहुण्यांना काय काय दाखवलं, हे ती पुढे महिनाभर गावठाणात सांगत होती. दाखवायला एवढं पाणीच होतं, पण तिने पूर्ण गाव दाखवलं. त्या दुपारी तिचं यजमानपण तिला परत मिळालं, असं मला वाटतं. दोन खोल्यांतल्या जेवणाने नाही, काठावरच्या त्या अर्ध्या तासाने.

पाहुणचार म्हणजे खाऊ घालणं, एवढंच मी समजत आले होते. घालणारा हात वरचा, खाणारा खालचा. तांदळाचं पोतं पाठवणारी मी कायम वरच्या हाताची. पाहुण्याचंही एक काम असतं, हे मला त्या परक्या बाईंनी दाखवलं. घरधन्याला विचारायचं, तुझं घर दाखव. आणि ते कुठेही असो, पाण्याखाली असलं तरी, त्याच्या बोटामागे बघत राहायचं.

पाहुणे गेल्यावर आठवड्याभराने मी एकटीच वहिनीकडे गेले. पोतं न घेता. दारात पायरीवर बसलो. मी म्हटलं, "वहिनी, शिलान्यासाच्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले होते. मीच वाटले." ती म्हणाली, "मालूम हाये जी. तुमच्या सासऱ्यानं आमच्याकडे बी पाठवले होते." मग जराशाने, "लेकराइनं खाल्ले. गोड होते."

यावर काय बोलायचं? मी काही बोलले नाही. तिने चहा ठेवला.

पुढे काही वर्षांनी कालव्याचं पाणी आमच्या शिवारात आलं. आता आमच्याकडे उन्हाळी धान होतं. ते नाकारण्याचा मोठेपणा माझ्यात नाही. पाण्याने आमच्या भागातल्या पुष्कळ घरांना बरे दिवस दाखवले, हेही खरं आहे. तांदूळ मी अजूनही पाठवते. पण दर उन्हाळ्यात एकदा वहिनीला घेऊन काठावर जाते. पाणी उतरलेलं असलं तर ती नवीन काहीतरी दाखवते. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घराचा चौथरा दिसला, तर त्या घरातल्या चार पिढ्या मला ऐकाव्या लागल्या. अलीकडे तिथे जलपर्यटनाची योजना आली आहे. नावा येतील, लोक येतील. येवोत. लिन केलिनच्या बांधाखाली ओरडणारी ती पोरंही मला काही वाईट वाटली नव्हती.

वेल्समध्ये समुद्राकडच्या एका रस्त्यालगत पडक्या घराची भिंत आहे. 1960 च्या दशकात कुणीतरी तीवर रंगाने लिहिलं: 'त्रवेरिन लक्षात ठेवा.' 2019 मध्ये त्या भिंतीची नासधूस झाली, तर वेल्सभर लोकांनी आपापल्या भिंतींवर तेच शब्द लिहिले. बाईंनी त्या वर्षीच्या कार्डात त्यांच्या गोठ्याच्या भिंतीचा फोटो पाठवला होता. आमच्याकडे कुणी अशी भिंत रंगवलेली मी पाहिली नाही. मला रंगवता येईल असंही वाटत नाही. म्हणून हे लिहिलं.

आता यंदाच्या कार्डाला उत्तर लिहायचं आहे. वहिनी बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात. गावठाणातल्या दाराशी तिने चिंच लावली होती. यंदा तिला पहिल्यांदा बोटभर चिंचा धरल्या. तेवढं मात्र तिने मला बजावून सांगितलं आहे, बालाच्या बाईंना नक्की कळवा म्हणून.